स्टेला छाप आणि अदबीचा रांजण

करीम मियाँनी कलमं पुसली, कलमदानात ठेवली, झाकण लावलं आणि कलमदान काखेत मारून ते उठले. सकाळचे अकराही वाजले नव्हते. माझ्यासमोर दगडावर चाळीस तारे ओले होते, आणि रूळवाला शाईचा रूळ हातात धरून आमच्या तोंडाकडं बघत उभा होता.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"घर कू," ते म्हणाले. "जिस कागद पे किसी का भी खुदा है, वो कागद लोगां के पैरां में जाता. मेरे हात से नै होता, बेटा."

आणि ते खरंच गेले. वीस वर्षांत जुम्म्याची नमाज सोडली तर हा माणूस कामाच्या वेळेत जागचा उठला नव्हता. मालक गल्ल्यावरून ओरडले, "मल्हारी, काय केलास रे?"

मी काय केलं होतं ते सांगतो, पण त्याआधी आमचा धंदा सांगायला हवा.

निजामाचं राज्य होतं, परदेशात लढाई चालू होती, आणि मी गुलबर्ग्यातल्या एका लिथो छापखान्यात संगसाज होतो. आज हा शब्द कुणाला कळत नाही. उर्दूचे खिळे जुळवणं अवघड, म्हणून आमच्याकडं छपाई दगडावर चाले. कातिब, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा, पिवळ्या खळीच्या कागदावर तेलकट शाईनं लिही. तो कागद जर्मनीहून आलेल्या गुळगुळीत दगडावर दाबला की अक्षर उलटं होऊन दगडावर उतरे. मग दगड पाण्यानं ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेला शाई धरत नाही, तेलकट अक्षराला धरते. एवढंच सगळं गुपित. संगसाजाचं काम मधलं. दगडावर अक्षर तुटलं तर बारीक कुंचल्यानं सांधायचं, फुगलं तर सुईनं खरवडायचं, आणि तेही सगळं उलटं. मी इतकी वर्षं उलटं वाचलं की बाजारातली सुलटी पाटी मला क्षणभर परकी वाटायची.

आमचे मालक शरणप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कातिब करीम मियाँ, मूळचे बीदरचे. हातात असा गोडवा की तहसील कचेरीतले लोक त्यांची लिहिलेली लग्नपत्रिका भिंतीला लावून ठेवत. आणि मी, करजगीच्या धनगराचा पोरगा. या धंद्यात माझं यायचं काही कारण नव्हतं. करीम मियाँनी मला पाणी भरणाऱ्यातून उचलून दगडाजवळ बसवलं, सुई धरायला शिकवली. आणि त्या दिवशी माझ्या तोंडामुळं माझ्या गुरूनं उंबरा ओलांडला होता.

आता अदबीचा रांजण. छापखाना म्हटला की वाया गेलेले कागद आलेच. ते रद्दीत जायचे, त्यात कुणी शेंगदाणे बांधायचं, कुणी चूल पेटवायचं. पण ज्या कागदावर देवाचं नाव असेल, मग ते श्री असो, बिस्मिल्ला असो, तो कागद रद्दीत टाकायचा नाही, ही करीम मियाँची शिस्त होती. दाराआड एक रांजण होता, त्यात तो ठेवायचा. आम्ही त्याला अदबीचा रांजण म्हणत असू. वर्षातून एकदा मी गावी जाताना त्यातले कागद पोत्यात भरून न्यायचो आणि भीमेच्या पाण्यात सोडायचो. अप्पा लिंगायत, मियाँ मुसलमान, मी धनगर, पण रांजण एकच होता आणि त्यावरून कधी वाद झाला नाही.

एके दिवशी मुडबीचे रेवणशेट आले. त्यांनी हुमनाबादच्या वाटेवर काडीपेटीचा छोटा कारखाना काढला होता. लढाईमुळं बाहेरचा माल येत नव्हता, म्हणजे संधी होती. त्यांनी खिशातून एक पत्र्याचं झाकण काढलं. मुसाफिरबंगल्यात उतरलेल्या कुण्या साहेबानं टाकून दिलेला बिस्किटाचा डबा. झाकणावर पाच टोकांचा तारा, वर एक शब्द, खाली एक लांब ओळ.

"ह्येच पायजे," रेवणशेट म्हणाले. "वर स्टेला, मधी तारा, खाली ही ओळ. जत्रा आठ दिसांवर हाय. जत्रेत माल उतरवायचाय."

"ही इंग्रजी का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई अप्पा. लॅटिन. इंग्रजीची आजी."

"अन् अर्थ काय?"

"अव्वल माल, ओल लागत न्हाई," रेवणशेट बेधडक म्हणाले. "साहेब लोक डब्यावर दुसरं काय लिवतील?"

आम्हाला ते पटलं. खरं सांगायचं तर आम्ही विचारच केला नाही. परकी लिपी आली की आमच्या धंद्यात ती अक्षरं नसतात, रेघा असतात. कातिब रेघा उतरवतो, संगसाज रेघा सांधतो. अर्थ गिऱ्हाइकाचा.

करीम मियाँनी त्या रेघा मोठ्या प्रेमानं उतरवल्या. बोरूनं लिहिल्या, आणि लिहिल्या उजवीकडून डावीकडं, कारण हाताला तीच वाट ठाऊक होती. शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली आणि पहिल्या अक्षरावर येऊन थांबले. एक चूक नाही. फक्त सगळी अक्षरं उर्दूसारखी थोडी कलून, आरामात बसलेली दिसत होती. मी ती एका दगडावर चाळीस वेळा उतरवली, सांधली, आणि छपाई सुरू झाली. दोन दिवसांत बरेच ताव छापून वाळत पडले.

तिसऱ्या दिवशी माझ्या जिभेला खाज सुटली. स्टेशनाजवळच्या ख्रिस्ती कबरस्तानाच्या कडेनं मी कामावर यायचो. तिथं एका जुन्या दगडावर तसल्याच अक्षरांची ओळ दिसली. रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "वो लॅटिन है. पाद्री लोगां की दुआ की जबान." झालं. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. छापखान्यात आल्या आल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काडीपेटीवर तर पाद्र्यांची दुआ छापायलोय आपण."

मला वाटलं, सगळे माझ्या हुशारीला हसतील. करीम मियाँ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पक्का?" मी मान हलवली. त्यांनी वाळत घातलेल्या तावांकडं पाहिलं. जत्रा, काडीपेट्या, रिकाम्या पेट्या रस्त्यावर, त्यावरून जाणारे हजारो पाय, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग त्यांनी कलमं पुसली. पुढचं वर सांगितलंच आहे.

अप्पा रागीट नव्हते. त्यांनी मला समोर बसवलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"रखवालदारानं."

"त्याला लॅटिन येतंय?"

"न्हाई."

"मग तुला येतंय?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"आता ऐक," अप्पा म्हणाले. "दुआ असंल तर मीबी छापत न्हाई. कुणाच्या देवाला पायाखाली घालून मला धंदा करायचा न्हाई. पण दुआ नसंल अन् मियाँ घरी बसले, तर त्ये मला चालायचं न्हाई. आज गाडीनं वाडीला जा. तिथं रेल्वेच्या लोकांचा पाद्री हाय. त्याला विचार. विचारून लिवून आण."

वाडी जंक्शनला रेल्वेतल्या गोवेकरांची वस्ती होती आणि त्यांचं लहानसं कौलारू देऊळ होतं. पाद्री म्हातारा, गोव्याचा, पांढऱ्या झग्याच्या बाह्या वर करून मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होता. मी पायताण बाहेर काढलं आणि ताव पुढं धरला. आधी सगळं सांगितलं, करीम मियाँ उठून गेले तेही सांगितलं.

त्यानं चष्मा लावला, ओळ वाचली आणि हसायला लागला. "हे कोणी लिहिलं रे पुता? चाळीस वर्षं मी लॅटिन वाचतो, पण ती अशी गादीला टेकून बसलेली आज पाहिली."

"आमचे मियाँ. उर्दूचे कातिब."

"त्यांना सांग, चूक एकही नाही." मग त्यानं बोट ठेवून वाचलं. "पेर आस्पेरा आद आस्त्रा."

"आस्त्रा म्हंजे आपलं अस्त्र का? हत्यार?" मी भीत भीत विचारलं. लढाईचे दिवस, कोतवालीचीही भीती होती.

"नाही रे. आस्त्रा म्हणजे तारे. आस्पेरा म्हणजे खडबडीत, खाचखळग्यांच्या जागा. खडबडीतून ताऱ्यांकडं. म्हणजे, कष्ट सोसशील तर उंच जाशील."

"दुआ न्हाई?"

"यात देवाचं नाव कुठं आहे? माझा धर्म जन्मायच्या आधीपासून रोमी लोक ही भाषा बोलत. शेतकरी बोलत, शिपाई बोलत, शिव्याही तिच्यातच देत. आम्ही पाद्र्यांनी ती नंतर घेतली. असली वाक्यं पुढं सरदारांनी ढालींवर घातली, शाळांनी फाटकावर घातली. तुमच्याकडं राजाला बिरुद असतं ना? तसं त्यांचं हे बिरुद."

"आणि बिस्किटाच्या डब्यावर?"

"त्याचं मला कळत नाही," पाद्री म्हणाला. "बिस्किट बहुतेक कडक असेल."

मला हायसं वाटलं. इतकं की मी तिथंच बसलो. पाद्र्यानं रव्याचे लाडू दिले आणि मी विचारलं, मग स्टेला कोण? रेवणशेट म्हणत होते, कुठली तरी राणी.

"स्टेला म्हणजेही ताराच. मुलींचं नाव ठेवतात, तुमच्याकडं ताराबाई असते तशी. म्हणजे तुमच्या शेटजींनी वर तारा लिहिला, मधे तारा काढला आणि खाली पुन्हा ताऱ्यांकडं जा म्हणून सांगितलं. काड्या पेटल्या नाहीत तरी उजेड पडेल."

मग तो रंगात आला. दारामागची पाटी आणून तिच्यावर ठिपके काढायला लागला. हा तारा स्पीका. लॅटिनमध्ये कणीस. एका कुमारिकेच्या हातात कणीस आहे अशी त्यांनी कल्पना केली, त्या कणसाच्या जागी हा तारा. तुमची चित्रा ती हीच. हा रेग्युलुस. म्हणजे छोटा राजा. तुमच्या मघांतला मोठा तारा. आणि हा कापेल्ला.

"कापेल्ला म्हंजे?"

"लहान शेळी."

मी पाटी हातात घेतली. आमचा आजा मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं फिरायचा, आणि पहाट किती लांब आहे ते ताऱ्यांवरून सांगायचा. त्याच्याकडं ताऱ्यांची नावं होती ती अशीच घरा-गोठ्यातली, सप्तर्षीला खाट, मृगातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं. मला लाज वाटायची त्यांची. शहरात आल्यावर मी ती कधी उच्चारली नव्हती.

"तिकडंबी धनगर व्हते?" मी विचारलं.

"त्यांच्या गोष्टीत तर त्यांचा पहिला राजाच एका धनगरानं वाढवलेला," पाद्री म्हणाला. "आकाशाला नावं कोण देणार? जो उघड्यावर झोपतो तोच."

हे सांगताना आजही मला बरं वाटतं. लाज गेली ती त्या दिवशी गेली. पाद्र्यानं एका चिठ्ठीवर मराठीत अर्थ लिहून दिला, खाली सही केली आणि मला गाडीला लावलं.

दुसऱ्या सकाळी मी चिठ्ठी फडकावत छापखान्यात शिरलो. रेवणशेट माल न्यायला आधीच येऊन बसले होते. अप्पांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. रेवणशेटांचा चेहरा उतरला.

"कष्ट?" ते म्हणाले. "काडीपेटीवर कष्ट?"

"कष्टांतून ताऱ्यांकडं," मी समजावलं.

"तारं राहू दे. गिऱ्हाईक काय म्हणंल? ही काडी पेटवायला कष्ट पडायलेत, आधीच लिवून ठेवलंय म्हणंल. काढा ती ओळ."

"शेटजी, गिऱ्हाइकाला लॅटिन कुठं येतंय?" अप्पा म्हणाले.

"काल तुमालाबी येत नव्हतं. आज आलं न्हवं? कामून ठेवायची मग?"

काल ज्या ओळीसाठी छापखाना अडला होता ती आज कुणालाच नको होती. कागदाची टंचाई होती, छापलेले ताव फेकून भागणार नव्हतं. अप्पांनी तोडगा काढला. छापलेल्या लेबलांची खालची कड कापायची. ओळ जाईल, तारा राहील. आणि दगडावरची ओळ मी घासून काढायची.

चाळीस ओळी घासायला दुपार गेली. पाणी, झाव्याचा खरखरीत दगड आणि मनगट. माझ्या कामाचा तो भाग मला कधीच आवडला नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. मियाँचा हात मी पुसत होतो. शेजारी कापणीवाला लेबलांच्या कडा उतरवत होता आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या शेवयांसारख्या ढिगानं साचत होत्या.

संध्याकाळी मी करीम मियाँच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. कलमदान शेजारीच होतं, उघडलेलं नव्हतं.

"चुकलो, उस्ताद," मी म्हणालो. "दुआ नव्हती. मला म्हायती नसताना बोललो."

"पाद्री क्या बोल्या?"

"बोलला, एकबी चूक न्हाई तुमच्या लिहिण्यात."

ते खुलले. ते मला स्पष्ट दिसलं. मग मी बाकीचंही सांगितलं, रेवणशेटांचं सुद्धा.

"मतलब क्या है बोल्या उसका?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. मग आमच्या भाषेत सांगितलं, खडकाळ वाटेनं ताऱ्याकडं. त्यांनी ती ओळ मला दोनदा म्हणायला लावली. मग विचारलं, "पट्ट्या किधर हैं?"

"छापखान्यात. अप्पा मालाच्या खोक्यांत भराव म्हणून देतो म्हणालेत."

त्यांनी कलमदान काखेत मारलं आणि पायात चपला घातल्या.

अप्पा कुलूप लावायच्या बेतात होते. करीम मियाँ आत गेले, पट्ट्यांच्या ढिगाजवळ उकिडवे बसले आणि ओंजळीनं पट्ट्या उचलून रांजणात टाकायला लागले.

"अहो मियाँ," अप्पा म्हणाले, "त्यात देवाचं नाव न्हाई. पाद्र्यानं सही करून दिलंय. त्याच पायी तर ह्यो वाडीला जाऊन आला."

"हौ," मियाँ म्हणाले. "खुदा का नाम नै है. मेहनत का तो है ना? ये बी पैरां में नै जाना."

अप्पा दारात उभे राहिले. त्यांचा बाप हमाल होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ते कधी बोलायचे नाहीत. त्यांनी कुलूप खाली ठेवलं, धोतर सावरलं आणि तेही पट्ट्या भरायला बसले. मीही बसलो. रांजण काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी करीम मियाँ वेळेवर आले आणि एका लग्नपत्रिकेला बसले. नजर अधू होईपर्यंत ते तिथंच लिहीत राहिले.

स्टेला छाप जत्रेत उतरली. तारा लोकांना आवडला. काड्यांचं म्हणाल तर निम्म्या ओल्या निघाल्या. तीन घासल्या की एक पेटायची, आणि तीही तोंडाशी विझायची. ती ओळ राहिली असती तर रेवणशेटांना कुणी लबाड म्हणालं नसतं.

त्या वर्षी पोतं नेहमीपेक्षा मोठं झालं. भीमेला पाणी कमी होतं, मी गुडघ्यापर्यंत आत गेलो आणि पट्ट्या सोडल्या. एक ठेवून घेतली. ती अजून माझ्याजवळ आहे, अक्षरं थोडी कललेली, आरामात बसलेली. त्यानंतर मी एक नियम केला. परकी ओळ दगडावर घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला अर्थ विचारायचा. बहुतेकांना तो येत नसे, पण सांगत मात्र सगळे.